आजीच्या वाटेने बडोदे

बडोदे पाहावयास आलेल्या पाहुण्याला गाव दाखविण्याची आम्हां बडोदेकरांची एक ठरलेली रीत आहे. स्टेशनावरून निघून त्यास प्रथम कमाटीबागेच्या दाराशी 'काळ्या घोड्या'पुढे उभे करावयाचे आणि अश्वारूढ सयाजीराव महाराजांकडे बोट दाखवून त्यांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगावयाची. मग १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा, विश्वामित्रीच्या पुलापलीकडचे कीर्तिमंदिर व त्यातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे, १८९६ चे न्यायमंदिर, चारी दिशांस कमानी असलेली मांडवी, असे करीत करीत दिवस मावळताना सूरसागराच्या काठी आणून बसवावयाचे आणि तिखट शेवउसळीने त्याच्या डोळ्यांत पाणी आणून समारोप करावयाचा. पाहुणा तृप्त होतो, आम्हीही कृतार्थ होतो.

या रीतीत खोटे काहीच नाही. परंतु असे पाहिलेले बडोदे हे राजाचे बडोदे असते. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या काळापासून, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे, मराठी माणूस या गुजरातदेशी मूळ धरून राहिला तो राजाश्रयामुळे, हे खरे. पण राजाश्रय १ मे १९४९ रोजी, राज्य विलीन झाले त्या दिवशी, संपला; वस्ती मात्र राहिली. पुढे १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि आमच्या गल्लीतील काही बिऱ्हाडांनी पुण्या-मुंबईचा रस्ता धरला. तरीही वस्ती राहिली. ती कोणाच्या आधारावर राहिली हे जाणावयाचे असेल, तर गाव दुसऱ्या एका वाटेने पाहिले पाहिजे. ती वाट आमच्या आजीची.

फार तर कोसभराची ही वाट. तिच्या एका टोकास सयाजीराव रुग्णालय, दुसऱ्या टोकास मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय. मध्ये दांडिया बाजार आणि सूरसागर. या कोसभरात आजी चाळीसहून अधिक वर्षे चालली. ती कोणत्याही संस्थेची अध्यक्ष नव्हती की चिटणीस नव्हती. तिचे नाव कोणत्याच कोनशिलेवर नाही, म्हणून आम्हीही ते येथे देत नाही. गल्लीतील मराठी घरांत ती 'आजी' होती आणि शेजारच्या गुजराती घरांत 'बा'. एवढ्या दोन नावांवर तिचे सारे आयुष्य भागले.

दांडिया बाजारापासून आरंभ करू. राज्याच्या चाकरीसाठी, वेदपाठासाठी, शाळामास्तरकीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांची ही जुनी पेठ. जवळच दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णलीलांच्या शेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई रंगविलेली आहे. बडोदे सरकारच्या सेवेत असताना श्रीअरविंद ज्या घरी राहिले, ते घर याच पेठेत. राजरत्न माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिरही याच पेठेत. या थोर शेजारात आमचा वाडा अगदीच सामान्य होता: अरुंद दिंडी, आत ओसरी, ओसरीवर झोपाळा, मागे विहीर, आणि दिंडीबाहेर गुजराती पद्धतीचा दगडी ओटला. हा ओटला हेच आजीचे कार्यालय. सकाळी देवपूजा आटोपली की ती तेथे निवडावयाचे तांदूळ घेऊन बसे आणि सुपातला खडा टिपता टिपता गल्लीची सुखदुःखे तिच्या कानी येत.

आजीचा जन्म १९१९ चा, माहेर गावातलेच. आठ वर्षांची असताना तिने १९२७ च्या जुलैतला महापूर पाहिला. विश्वामित्री ही एरवी केवढी नदी! उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा मगरीच अधिक दिसाव्यात. पण त्या जुलैत तिने गावाला वेढा घातला. माहेरच्या गल्लीत कंबरभर पाणी चढले तेव्हा आसपासची सारी माणसे एकाच माडीवर गोळा झाली होती आणि आजीच्या आईने तेथे चूल मांडून मोठे पितळी पातेले चढविले होते. "त्या दिवशी कोणी कोणाचे सोवळे विचारले नाही," असे आजी सांगे, "भूक लागली म्हणजे सगळ्यांची जात एकच निघते." ते पातेले पुढे आईने तिला दिले. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती दांडिया बाजारात आली, तेव्हा दागिन्यांपेक्षा ते पातेलेच नजरेत भरले, असे आमची आत्या हसून सांगत असे. या पातेल्याची हकीकत पुढे येणार आहे.

१९५८ साली आजोबा गेले. आजीचे वय तेव्हा एकोणचाळीस, पदरी तीन मुले. कचेरीतील कारकुनाचे निवृत्तिवेतन ते केवढे! परंतु तिच्या वाट्यास आलेले खरे दुःख पैशाचे नव्हते. पुढची संक्रांत आली आणि जी बाई वीस वर्षे गल्लीभर हळदीकुंकवाला फिरत होती, तिच्या दारावरून बायका नव्या साड्यांची सळसळ करीत पुढे निघून गेल्या. त्यात दुष्टावा नव्हता. रीतच तशी होती. आजी त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने तिळाच्या वड्या केल्या आणि गल्लीतील व पलीकडच्या बोळातील सात विधवा स्त्रियांना घरोघर जाऊन आमंत्रण दिले. आल्या तिघीच, त्यांतली एक मागल्या दाराने आली. मोठ्या सासूबाई, म्हणजे आमच्या पणजी, माजघरातून म्हणाल्या, "हे काय नवे काढलेस?" आजीने उत्तर दिले ते आत्याच्या तोंडून आम्ही अनेकवार ऐकले आहे: "सासूबाई, नवरा गेला म्हणून गोड बोलायचेही का गेले?"

पणजी गप्प राहिल्या. थोड्या वेळाने त्या स्वतः उठून बाहेर आल्या आणि मागल्या दाराने आलेल्या बाईच्या हातावर त्यांनी पहिली वडी ठेवली. आमच्या घराण्याच्या इतिहासात याहून मोठी घटना आम्हांस ठाऊक नाही.

तिळगूळ झाला, पण संक्रांतीला वाणही लुटावे लागते. येथे आजीने जे केले त्यामुळे तिची वाट दांडिया बाजारातून मांडवीकडे वळली. तिने त्या तिघींना वाण म्हणून एकेक पुस्तक दिले. पुस्तके तिची नव्हती, मध्यवर्ती ग्रंथालयाची होती, आणि पंधरा दिवसांनी ती परत करावयाची होती. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले आणि गावोगाव वाचनालये उभी केली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेड्यापाड्यांत फिरविण्याची व्यवस्थाही तेव्हाच झाली. पोलादी घडवंच्यांचे आणि काचेच्या फरशांचे ते ग्रंथालय आजही पाहण्याजोगे आहे. फरशा काचेच्या अशासाठी की वरचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांपर्यंत पोहोचावा. आजीला ही युक्ती फार आवडे. "खालच्यांना उजेड मिळावा म्हणून वरच्यांनी काच व्हायचे असते," असे ती म्हणे. महाराजांची पेटी खेड्यात जात होती. आजीची कापडी पिशवी, जेथे पेटीही पोहोचत नसे अशा स्वयंपाकघरांत जाऊ लागली. घराबाहेर पडण्याची सोय नसलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, अक्षरे लावीत लावीत वाचणाऱ्या बायकांना ती आपल्या व शेजाऱ्यांच्या कार्डांवर पुस्तके आणून देई. आम्ही सहासात वर्षांचे असल्यापासून ही पिशवी उचलण्याचा मान आमच्याकडे होता. कोणत्या घरी कादंबरी, कोणत्या घरी पोथी, कोणत्या घरी प्रवासवर्णन, हे तिला वहीवाचून पाठ असे. संक्रांतीला येणाऱ्या बायकांची संख्याही वर्षागणिक वाढत गेली आणि आमच्या आठवणीतल्या संक्रांतींत तर कुंकू लावलेल्या आणि न लावलेल्या कपाळांच्या बायका एकाच सतरंजीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असत.

मांडवीहून परत फिरताना सूरसागराच्या परिसरात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय लागते. १९१४ साली स्थापन झालेली ही संस्था. ज्यांच्या नावाची ही संस्था, त्या चिमणाबाई महाराणी १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. त्या तेथे काय बोलल्या ते आजीने वाचले असेल असे वाटत नाही. परंतु टाकलेली, विधवा झालेली, किंवा नवऱ्याच्या आजारपणाने खचलेली बाई ओटल्यावर येऊन रडली की आजी तिला रडू देई, पाणी देई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला धरून उद्योगालयाच्या दारापर्यंत नेऊन सोडी. "रडण्याला एक दिवस पुरे, शिवण शिकायला सहा महिने लागतात," हा तिचा हिशेब होता. उपदेश तिला येत नसे. पत्ता सांगता येई, आणि सोबत जाता येई.

आमच्या ओसरीच्या खांबाला एक दगडी पाटी टांगलेली असे. तिच्यावर सात वार लिहिलेले आणि प्रत्येक वारापुढे एकेका घराचे नाव. कलाभवनात वा विद्यापीठात शिकण्यासाठी खानदेशातून, कोकणातून गरीब मुले बडोद्यास येत. खोली कशीबशी मिळे, जेवणाचे काय? अशा मुलांचे वार लावून देण्याचे काम आजीकडे असे. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. एखादे घर अडचणीत आले की आजी पाटीवरचे नाव बोटाने पुसून तेथे आपले घर लिही. त्यामुळे कित्येक आठवड्यांत मुलाचे चार-चार वार आमच्याकडेच पडत. मुलाला याचा पत्ता लागू नये म्हणून ती त्याला सांगे, "अरे, आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत, त्यांनीच तुला इकडे पाठवायला सांगितलेय." ही पाटी आम्ही पाहिली तेव्हा वाराची पद्धत संपत आली होती, वसतिगृहे निघाली होती, खाणावळी झाल्या होत्या. तरीही पाटी भिंतीवर राहिली होती आणि शनिवारपुढील खडूची अक्षरे कोणी पुसली नव्हती.

वाटेचे दुसरे टोक म्हणजे सयाजीराव रुग्णालय. दर गुरुवारी दुपारी आजी तेथे जाई. धुळे-नंदुरबारकडील कष्टकरी माणसे दुखणी घेऊन बडोद्यास येतात. त्यांची बोली अहिराणी, परिचारिकांची गुजराती. रोगी सांगतो एक आणि कागदावर लिहिले जाते भलतेच, असे होऊ नये म्हणून आजी दोघांच्या मध्ये उभी राही. अहिराणी तिला जेमतेम कळे. परंतु दुखण्याची भाषा तिला कळत होती. रोग्याच्या उशाशी बसून ती त्याच्या घरी पोस्टकार्ड लिही. त्यात एक वाक्य ती आपल्या पदरचे घाली: "जेवण नीट चालू आहे, काळजी नसावी." आणि हे वाक्य खोटे ठरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा जाई.

आता पातेल्याची हकीकत. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलेभात पोहोचवावयाचा, ही आपल्याकडील जुनी चाल. दांडिया बाजारात हा पिठलेभात बहुधा आमच्या घरून जाई. स्मशानातून माणसे परत येऊन आंघोळी करून बसतात, त्या घटकेला कोणाला 'जेवा' म्हणणे अवघड असते आणि पोटात तर कालपासून अन्न नसते. आजी त्या नेमक्या घटकेला पातेले घेऊन उभी राही. शोकाचे शब्द तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नाहीत. ती पाने मांडी, लहान मुलांना पहिल्याने वाढी, आणि घरच्या कर्त्या बाईजवळ बसून म्हणे, "दोन घास माझ्यासाठी." ते दोन घास घशाखाली उतरले की रडे फुटे, आणि मग माणूस जगण्याकडे वळे. हे घर मराठी की गुजराती, ब्राह्मणाचे की मराठ्याचे की शिंप्याचे, हा विचार पातेल्याला ठाऊक नव्हता.

प्रबोधिनी एकादशीस विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो तो दिवस या पट्ट्यातील आनंदाचा. पालखीपुढे भजने चालतात, रस्त्याच्या दुतर्फा माणूस मावत नाही. त्या दिवशी गर्दीत चुकलेली पोरे आजीच्या ताब्यात देण्याचा प्रघात पडला होता. संध्याकाळी पाहावे तो रडून रडून डोळे सुजलेली तीनचार बालके गुळाचा खडा चघळीत तिच्याभोवती बसलेली असत आणि त्यांचे घाबरे झालेले आईबाप वाट विचारीत येत. कोणी विचारले, "बा, तुम्हाला पालखी कधी दिसायची?" तर म्हणे, "तो विठ्ठल फिरतो आहे ना, माझ्याकडे त्याची माणसे येतात तेवढी पुरे."

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आजी ब्याऐंशीच्या घरात होती. डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी थकलेली. तिने आम्हांस बोलावून सांगितले, "घरोघर जा आणि जुनी नऊवारी लुगडी माग. नऊ वारांत गोधडी चांगली होते." आम्ही गेलो. थंडीचे दिवस होते. पंधरवडाभर ओसरीवर सात-आठ बायका सुया घेऊन बसल्या. आजीला दोरा ओवता येईना. तो नातसून ओवून देई. अशा छत्तीस गोधड्या मदतीच्या गाडीतून कच्छकडे गेल्या. शेवटची गोधडी तिच्या स्वतःच्या लुगड्याची होती.

त्याच वर्षी भाद्रपदात ती गेली. दुपारी आम्ही स्मशानातून परतलो. आंघोळी झाल्या. आणि त्या घटकेला आम्हां सर्वांच्या मनात एकच प्रश्न आला असावा, जो कोणी बोलून दाखविला नाही: आज पातेले कोण आणणार? इतक्यात दिंडीचे दार वाजले. साठीच्या पुढचे एक गृहस्थ आपल्या पत्नीसह झाकलेले मोठे भांडे घेऊन उभे होते. त्यांना आम्ही ओळखले नाही. ते ओसरीवर आले, खांबावरच्या पाटीकडे क्षणभर पाहत राहिले, आणि म्हणाले, "शनिवारचा मी." खानदेशातून शिकावयास आलेला तो मुलगा पुढे बडोद्यातच कारखान्यात नोकरीस लागून तेथूनच निवृत्त झाला होता. त्यांच्या मागोमाग शेजारच्या गुजराती घरून खिचडी-कढी आली. उद्योगालयात गेलेल्या एका बाईच्या सुनेने पोळ्या आणल्या. संध्याकाळपर्यंत अकरा घरांतून अन्न आले. आम्हांस जेववेना, तेव्हा त्या गृहस्थांच्या पत्नी आमच्या आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, दोन घास माझ्यासाठी." हे शब्द त्यांना कोणी शिकविले, हे विचारण्याची गरज नव्हती.

आज या वाटेने चालताना बरेच काही बदललेले दिसते. न्यायमंदिरातील कचेऱ्या २०१८ साली नव्या इमारतीत गेल्या. वाड्यांच्या जागी चार-चार मजले उभे राहिले. मराठी बिऱ्हाडे मांजलपूर, कारेलीबाग, गोत्रीकडे पांगली. ओटलेही गेले, त्यांच्या जागी दुचाकी वाहने उभी असतात. नव्या पिढीस मराठी बोलता येते, वाचताना मात्र ती अडखळते. शोक करावयाचा तर कारणे पुष्कळ आहेत. पण आजीचा हिशेब रडण्यास एकच दिवस देतो.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री पुन्हा फुगली आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. वीज नव्हती, दूध नव्हते; रस्त्यावर मगर दिसल्याच्या वार्ता येत होत्या. तेव्हा आमच्या घरातील धाकट्या मंडळींनी माळ्यावरून ते पितळी पातेले खाली काढले. कल्हई केव्हाच उडून गेली होती आणि कल्हईवाला शोधण्यास सवड नव्हती, म्हणून पातेल्यात नुसते तांदूळ-डाळ धुऊन घेतले आणि खिचडी शिजविली ती शेजारच्या गुजराती घरून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या टोपात. ती तळाशी थोडी करपली. ती घेऊन मुले गुडघाभर पाण्यातून गेली आणि परत आली ती दुसऱ्या खेपेस किती तांदूळ लागतील याचा हिशेब करीतच. त्यांतील एकासही आम्ही जा म्हटले नव्हते.

वाचकहो, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, आपण जेथे असाल तेथे, आपल्याही पेठेत अशी एखादी वाट असेल आणि तिच्यावरून चाळीस वर्षे चाललेली एखादी आजी, मावशी, काकू असेल. तिच्या नावाची कमान कोणी उभारणार नाही, आणि तिला ती नकोही असेल. परंतु ती कोणत्या दारी थांबत असे, काय घेऊन जात असे, हे ठाऊक असलेली माणसे अजून हयात आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसून ते विचारून घ्यावे. मुलांना हाताशी धरून त्या वाटेने एकदा चालावे. आणि चालता चालता, एखाद्या घरी आज चूल पेटलेली नाही असे दिसले, तर पुढे न जाता दार वाजवावे.